घरदुरुस्तीच्या वेबसाइटला लिंकमधून पैसे मिळतात ते कसे?

प्रश्न नाशिकच्या एका इंटिरिअर कंत्राटदाराचा आहे. घरदुरुस्तीची माहिती देणारी वेबसाइट काढायचं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात, की या साइट वाचकाकडून एक रुपया घेत नाहीत, स्वतः माल विकत नाहीत, मग नुसत्या लिंक देऊन त्यांना पैसे मिळतात कसे, किती मिळतात आणि मराठीत हे जमण्यासारखं आहे का? मी बरीच वर्षं याच कामात आहे. आधी अमेरिकन वाचकांसाठीच्या इंग्रजी साइटवर होतो, आता मराठीत काम करतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी यंत्रणा समजून घ्या. ॲमेझॉनची असोसिएट्स योजना १९९६ पासून चालू आहे आणि बाकीच्या बहुतेक योजना तिच्याच धर्तीवर चालतात. नाव नोंदवलं की तुम्हाला एक टॅग, म्हणजे तुमची ओळख सांगणारा कोड मिळतो. भारतातल्या टॅगच्या शेवटी २१ हा आकडा असतो. तुमच्या लेखातल्या प्रत्येक लिंकला हा टॅग चिकटलेला असतो. वाचकाने लिंक दाबली की हा माणूस तुमच्याकडून आला अशी नोंद होते आणि तिथून २४ तास मोजले जातात. तेवढ्या वेळात त्याने केलेल्या खरेदीवर ठरलेल्या टक्क्याने तुम्हाला कमिशन मिळतं. तो ड्रिल मशीन बघायला गेला आणि मुलाचं दप्तर घेऊन बाहेर पडला, तरी दप्तराचं कमिशन तुमच्या नावावर लागतं. वस्तू २४ तासांत कार्टमध्ये टाकली आणि पैसे चार दिवसांनी भरले, तरीही चालतं. वाचकाला वस्तू महाग पडत नाही, कमिशन दुकान स्वतःच्या खिशातून देतं.

यात एक गोम आहे. शेवटची लिंक ज्याची, कमिशन त्याचं. वाचकाने तुमचा दोन हजार शब्दांचा लेख वाचला, तुमच्या लिंकवरून वस्तू बघितली आणि पैसे भरायच्या आधी कुठल्यातरी कॅशबॅक ॲपवरून पुन्हा त्याच दुकानात शिरला, तर कमिशन त्या ॲपला जातं. डिसेंबर २०२४ मध्ये पेपालच्या हनी या कूपन शोधणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनवर नेमका हाच आरोप झाला, की ते शेवटच्या क्षणी दुसऱ्याचा टॅग काढून स्वतःचा लावतं. लेख लिहिणाऱ्यांमध्ये तेव्हा मोठी खळबळ उडाली.

तर ऑर्डर नोंदली गेली. पैसे अजून आलेले नाहीत. माल रवाना व्हावा लागतो, तो वाचकाने ठेवून घ्यावा लागतो आणि मग साधारण दोन महिन्यांनी रक्कम तुमच्या खात्यात येते. माल परत गेला तर कमिशनही परत जातं. घरदुरुस्तीच्या साइटचं सगळं अर्थकारण या एका अटीवर उभं आहे, आणि नवीन माणसाचं लक्ष तिकडे सहसा जात नाही. पुस्तक किंवा हेडफोन कोणाच्याही घरी तसाच वापरता येतो. नळ, शॉवर, बिजागरी, एक्झॉस्ट फॅन, ड्रिल यांचं तसं नाही, त्या वस्तू त्या घराला बसाव्या लागतात. बसल्या नाहीत की परत जातात. म्हणून ‘दहा सर्वोत्तम ड्रिल मशीन’ अशी यादी लिहिणाऱ्यापेक्षा, तुमच्या भिंतीला कुठलं मशीन चालेल हे सांगणाऱ्याच्या हातात शेवटी जास्त पैसे पडतात. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती फिरतं, म्हणून ड्रिलचंच उदाहरण नीट घेतो.

वाचक शोधतो ते असं: टीव्ही भिंतीवर लावायचा आहे, कुठलं ड्रिल घेऊ? उत्तर भिंतीवर अवलंबून आहे. जुन्या वाड्यात किंवा चाळीत लाल विटांची भिंत असते, तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल आरामात चालतं. पुणे-ठाण्याच्या नव्या टॉवरमध्ये पुष्कळ ठिकाणी मायवान पद्धतीचं बांधकाम आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली अख्खी भिंतच काँक्रीटची असते. तिथे साधं ड्रिल भिंतीवर नुसतं नाचतं, बिट तापून लाल होतं आणि भोक अर्धा इंचही पुढे सरकत नाही. तिथे रोटरी हॅमर, म्हणजे जोरदार ठोके देत भोक पाडणारं मशीन, आणि त्याला बसणारं खाचांचं एसडीएस बिटच लागतं. तिसरा प्रकार एएसी ब्लॉकचा, हलक्या राखाडी-पांढऱ्या ठोकळ्यांचा. त्यात मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके, चालू ठेवून भोक पाडलं तर ते भसकन मोठं होतं आणि प्लास्टिकची साधी गिट्टी आत गोल गोल फिरत राहते. हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि एएसीसाठी मिळणारा लांब नायलॉनचा प्लग वापरायचा. वजन जास्त असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट.

वाचकाला आपली भिंत कुठली हे माहीत नसतं. मग लेखात त्याला सांगायचं, की कपाटामागे किंवा जिथे नंतर दिसणार नाही अशा जागी एक बारीक भोक पाडून बघा आणि बाहेर येणारी भुकटी हातावर घ्या. गिलाव्याचा थर संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट. मऊ, पिठासारखी पांढुरकी आली तर एएसी. बारीक राखाडी भुकटी आणि बिट पुढे जायला तयार नाही, तर काँक्रीट. लोखंडाला बिट लागल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा आणि जागा बदला. या चार वाक्यांसोबत तीन भुकट्यांचे तीन फोटो लावले की त्या पानावरून गेलेला वाचक योग्य वस्तू घेतो आणि ती ठेवून घेतो. हे फोटो तुमच्यासारख्या रोज बांधकामावर उभ्या असणाऱ्या माणसाकडेच असतात. दुकानाच्या पानावरून उचललेल्या चित्रांनी हे काम होत नाही.

त्याच लेखात आणखी एक वाक्य लिहा: दोनच भोकं पाडायची असतील तर मशीन घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा किंवा हार्डवेअरवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने आणा. या वाक्याने कमिशन बुडतं. तरीही ते लिहायचं. वाचक तेवढ्यापुरता गेला तरी पुढच्या वेळी नळ बदलायचा असेल तेव्हा तुमचं नाव टाकून शोधतो, आणि नाव टाकून येणारा वाचक गुगलच्या मर्जीवर अवलंबून नसतो.

कमिशन आणि खरं बोलणं यांची थेट टक्कर होते ती वॉटर प्युरिफायरच्या विषयात. पाण्यातले क्षार गाळून काढणारा आरओ साधारण दहा-पंधरा हजारांचा असतो, अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्ही बराच स्वस्त. टक्केवारी तीच, म्हणजे आरओवर कमिशन जास्त. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि त्याखालच्या पाण्यातले क्षार काढायला आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या पाण्यासाठी आरओ वापरायला मनाई करा असं सरकारला सांगितलं होतं, कारण आरओ एका लिटरमागे कितीतरी पाणी मोरीत सोडतो. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणाचं पावसाचं पाणी येतं. त्याचा टीडीएस या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. नाशिकला गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्याचंही तसंच. याउलट मराठवाड्यात बोअरवर चालणाऱ्या घरात आकडा पाचशेच्या वर सहज जातो आणि तिथे आरओ घेणं रास्त आहे. उन्हाळ्यात टँकर घेणाऱ्या सोसायटीत तर दर खेपेला आकडा बदलतो. तेव्हा प्युरिफायरच्या लेखात पहिली लिंक टीडीएस मीटरची द्या. काहीशे रुपयांची वस्तू आहे, कमिशन अगदी थोडं येतं. वाचक मोजतो, मग ठरवतो. मुंबईच्या वाचकाला आरओ घ्या म्हणून सांगणारी साइट माझ्या मते वाचकाचे पैसे आणि शहराचं पाणी, दोन्ही वाया घालवते.

आता आकडे. हे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेत. समजा महिन्याला १०,००० वाचक येतात. शंभरातले आठ जण लिंक दाबतात, म्हणजे ८०० जण. त्यांतले शंभरी पाच जण काहीतरी घेतात, म्हणजे ४० ऑर्डर. सरासरी ऑर्डर १,५०० रुपयांची धरली तर विक्री ६०,००० रुपयांची आणि ५ टक्क्यांनी कमिशन ३,००० रुपये. त्यातून परत गेलेला माल वजा करा. दहा हजार वाचक जमवायलाच नवीन साइटला वर्ष लागू शकतं, हेही लक्षात ठेवा. हे आकडे वाढवायचे तर वाचक वाढवण्यापेक्षा लेखाचा विषय नीट निवडणं जास्त उपयोगी पडतं. ‘बेडरूमला कुठला रंग शोभेल’ हे वाचायला लाख लोक येतील आणि लिंक कोणी दाबणार नाही. ‘सिंकखालचा वेस्ट पाइप गळतो, कुठल्या मापाचा घ्यावा’ हे वाचायला दोनशेच येतील, पण त्यांच्या स्वयंपाकघरात त्या क्षणी पाणी साचलेलं असतं.

पुण्या-नाशिकची कितीतरी मुलं अमेरिकन वाचकांसाठी इंग्रजीत का लिहितात, तेही याच हिशेबात दिसतं. त्याच ४० ऑर्डर सरासरी ६० डॉलरच्या धरा, विक्री २,४०० डॉलर. एप्रिल २०२० पर्यंत ॲमेझॉन अमेरिकेत घरदुरुस्तीच्या सामानावर ८ टक्के देत असे, म्हणजे १९२ डॉलर. त्या महिन्यात एका फटक्यात दर ३ टक्के केला आणि त्याच कामाचे ७२ डॉलर झाले. टाळेबंदीमुळे घरी बसलेली माणसं स्क्रू-ड्रायव्हर आणि रंग भराभर मागवत होती, तेव्हाच हे झालं. कोणाला विचारलं नाही, आठवडाभर आधी सूचना दिली, बस्स. त्यानंतर शहाण्या साइटवाल्यांनी होम डेपो, लोज अशा दुकानांच्या योजना जोडून घेतल्या आणि एका दुकानावर विसंबणं सोडलं. भारतात अशी निवड फार नाही. दोन मोठी दुकानं, काही कंपन्यांच्या स्वतःच्या योजना आणि या सगळ्यांना एका ठिकाणी जोडून देणारे मध्यस्थ. तरीही दोन तरी वाटा ठेवाच.

हा धंदा नीट केला तर किती मोठा होतो याचं उदाहरण वायरकटर या वस्तू तपासणाऱ्या अमेरिकन साइटचं आहे. २०११ मध्ये सुरू झालेली ही साइट आणि घरगुती वस्तूंसाठीची तिची भावंड साइट स्वीटहोम, दोन्ही मिळून न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ मध्ये ३ कोटी डॉलरच्या आसपास मोजून घेतल्या. त्यांचं बळ एवढंच होतं, की ते वस्तू खरोखर आणून, वापरून, मोडून बघत आणि शेवटी एकच नाव सांगत. वाचकाला वीस पर्याय नको असतात, ‘तुझ्या घराला हे घे’ एवढंच हवं असतं.

पण नीट काम केलं म्हणजे वाचक येणारच असं मात्र नाही, हे मला मनापासून खुपतं. हाउसफ्रेश नावाची एअर प्युरिफायर स्वतः तपासणारी एक छोटी साइट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं, की वस्तूला हात न लावता याद्या छापणारी मोठी मासिकं गुगलमध्ये त्यांच्या वर दिसतात आणि त्यांचे वाचक झपाट्याने कमी होताहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने निकालांचा क्रम लावण्याची पद्धत बदलली, त्यात अशा कितीतरी छोट्या साइट झोपल्या. ऑगस्ट २०२४ पासून तर भारतातही गुगल वरच्या वर एआयचं तयार उत्तर दाखवतं. ‘नळ गळतो तर काय करावं’ याचं उत्तर तिथेच मिळालं तर वाचक तुमच्याकडे येईल कशाला? मोघम माहितीवर चालणाऱ्या साइटचे दिवस मला संपत आलेले दिसतात. टिकेल ते मोजलेलं, फोटो काढलेलं, त्या इमारतीतलं.

मराठीत जमेल का? जमेल, पण वेगळ्या तऱ्हेने. मराठी वाचक लेख वाचतो, फोटोचा स्क्रीनशॉट काढतो आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला दाखवून वस्तू घेतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, वस्तू लगेच मिळते आणि नाही बसली तर बदलूनही मिळते. तुम्हाला मात्र काही मिळत नाही. म्हणून लिंक अशा वस्तूंच्या द्या, ज्या कोपऱ्यावर मिळत नाहीत. टेफ्लॉन टेप, अँगल कॉक, सिमेंट, वायर लोक दुकानातूनच आणणार, तिथे लिंक देऊन पान भरू नका. एएसीचे प्लग, एसडीएस बिटचा संच, टीडीएस मीटर, भिंतीतली ओल मोजायचं मीटर, मापाने कापून घ्यायची चुंबकाची मच्छरजाळी, मोरीच्या जाळीखाली बसणारा वास अडवणारा सापळा, या गोष्टी तालुक्याच्या गावात शोधून मिळत नाहीत. त्यांच्यावर लिंक दाबली जाते आणि ऑर्डरही होते.

आणि घरदुरुस्तीचा अर्धा भाग तर लिंकमध्ये बसतच नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाइल्स उखडून बसवणं, गवंड्याची मजुरी, सुताराचं काम, यावर कोणी कमिशन देत नाही. म्हणूनच बऱ्याच साइट प्रत्येक समस्येवर एखादा डबा विकायला बघतात. भिंतीला ओल आली की कोटिंगचा डबा सुचवतात, मग ओल वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येत असली तरी. वरचा नहाणी ट्रॅप गळत असेल तर खालून दहा डबे फासले तरी पुढच्या महिन्यात रंगाला फुगे येणारच. तुमचा अनुभव इथेच खरा उपयोगी पडेल. ओल कुठून येते हे शोधायचा लेख लिंकशिवाय लिहा. तो वाचून नाशिकच्या माणसाने तुम्हाला फोन केला, तर एका कामात लिंकच्या कितीतरी महिन्यांच्या कमाईएवढं मिळेल. तुमच्या बाबतीत कमिशन हा जोडधंदा आणि साइटवरून येणारी कामं हा मुख्य धंदा, असंच मी धरून चालेन.

नियमांबद्दल. लिंकमधून तुम्हाला पैसे मिळतात हे लेखाच्या सुरुवातीलाच, साध्या मराठीत, वाचकाला दिसेल असं लिहा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नको. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ ची आहे आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते वाक्य लिहायला आवडतं. ते वाचून कोणी पळून जात नाही, उलट अनेक जण मुद्दाम आपल्या लिंकवरून घेतात.

ॲमेझॉनच्या स्वतःच्या अटीही कडक आहेत. नोंदणीपासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. अशा वेळी माणूस कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून ‘काकू, काही घ्यायचं असेल तर इथूनच घ्या’ म्हणतो. ते करू नका. स्वतःसाठी खरेदी किंवा नातेवाइकांना सांगून करवलेली खरेदी अटींत बसत नाही, आणि खातं गेलं की साठलेलं कमिशनही जातं. लेखात वस्तूची किंमत हाताने लिहून ठेवायचीही परवानगी नाही, कारण ती रोज बदलते. ‘आजची किंमत बघा’ एवढंच लिहावं. लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावायला डेव्हलपरला सांगा, गुगलला ती लागते.

कराचं थोडक्यात: कमिशनवर टीडीएस (हा पाण्यातला नव्हे, पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिला नाही तर बराच जास्त कापतात. इंटिरिअरच्या कामाची आणि कमिशनची उलाढाल मिळून २० लाखांच्या वर जात असेल तर जीएसटीचं तुमच्या सीएला आधीच विचारून घ्या.

सुरुवात करायचीच असेल तर तुमच्या हातातल्या कामांपासून करा. प्रत्येक घरात काम सुरू व्हायच्या आधी, मध्ये आणि नंतर फोटो काढा, मोजपट्टी फ्रेममध्ये ठेवून. घरमालकाची परवानगी घ्या. पहिले पंचवीस-तीस लेख नाशिकच्या घरांवर लिहा: कुठल्या काळच्या इमारतीत कुठली भिंत, नळाचे आटे कुठल्या मापाचे, बाल्कनीची जाळी कशी बसवायची. निम्म्या लेखांत एकही लिंक नसली तरी चालेल. असोसिएट्समध्ये नाव मात्र लगेच नोंदवू नका. रोज काही वाचक यायला लागल्यावर नोंदवा, म्हणजे १८० दिवस वाया जाणार नाहीत. ओलीवरचे आणि गच्चीवरचे लेख मार्चच्या आत चढवा. जूनच्या पहिल्या पावसात लोक शोधायला लागतात, तोपर्यंत गुगलला ती पानं माहीत झालेली असली पाहिजेत. दिवाळीचे, म्हणजे रंग, दिवे आणि साफसफाईचे लेख त्याच हिशेबाने जुलैत लिहायला घ्या.